सायटिका: गादी सरकली, नस दबली, आता ऑपरेशनशिवाय काय काय करायचं

कमरेत काहीतरी खटकन झालं, दोन दिवस कंबर धरली आणि मग दुखणं कमरेतून निघून नितंबात, मांडीच्या मागे, पोटरीत, थेट पावलापर्यंत उतरलं. बसलं की वाढतं, शिंकलं की सणक जाते, रात्री कूस बदलताना घाम फुटतो. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय. घरचे म्हणाले, ऑपरेशन केलंस तर अपंग होशील. शेजारचे म्हणाले, नाही केलंस तर अपंग होशील. या दोन सल्ल्यांच्या मध्ये अडकलेल्या आणि हे दुखणं पहिल्यांदाच अनुभवणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. या आजारात खरा रिपोर्ट तुमच्या पायावर असतो. दुखणं पायात किती खालपर्यंत जातंय आणि पायात ताकद किती आहे, या दोन गोष्टी रोज पाहायच्या. गोळी बदलायची का, एमआरआय काढायचा का, इंजेक्शन घ्यायचं का, हे सगळं बहुतांशी त्यांवरूनच ठरतं.

पहिली पायरी: आजच रुग्णालय गाठायची वेळ नाही ना?

कमरेच्या मणक्यांच्या नळीत नसांचा एक जुडगा असतो. लघवी, शौच आणि जननेंद्रियांच्या नसा त्यातूनच जातात. गादीचा मोठा तुकडा त्या जुडग्यावर दाबून बसला तर हिशेब तासांचा असतो. लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तो भाग बधिर होणं, दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा किंवा मुंग्या येणं, यातलं एकही नव्याने दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. जिथे एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही आहेत असं मोठं रुग्णालय गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. लघवीची गोष्ट लोक लाजेने सांगत नाहीत. बायका तर ‘वयाने होत असेल’ म्हणून सोडून देतात. इथे ती लाज फार महाग पडते.

मग ताकद तपासा. चपला काढून, भिंतीला हात टेकवून, टाचांवर पाच-सहा पावलं चाला. नंतर एका पायावर उभे राहून चवड्यावर जोर देत टाच दहा वेळा उचला, मग दुसऱ्या पायावर तेच करा. शेवटी खुर्चीवर बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा आणि घरातल्या कुणाला तरी ते खाली दाबायला सांगा. दुखतंय म्हणून जोर लावता न येणं वेगळं आणि जोरच नसणं वेगळं. टाचेवर चालताना पाऊल लोंबत असेल, फरशीवर ‘फट’ असा आवाज करत आपटत असेल, चप्पल पायातून नकळत निसटत असेल, तर तेल-मालिश करत आठवडा घालवू नका. एक-दोन दिवसांत मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. हीच तपासणी पुढे रोज एकदा करायची आहे.

काही वेळा दुखण्याचं मूळ गादीत नसतंच. ताप, घटतं वजन, पडून राहूनही न थांबणारी रात्रीची पाठदुखी, पूर्वी झालेला कॅन्सर, बरेच महिने घेतलेलं स्टिरॉइड किंवा वयस्कर माणसाचं नुकतंच पडणं असेल तर आधी त्याचा तपास करायचा. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो. संध्याकाळी अंगात कसर आणि मंदावलेली भूक असेल तर ती डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण कंबरदुखीच्या गडबडीत ते विचारायचं राहून जाऊ शकतं.

दुसरी पायरी: दुखणं नसेचंच आहे ना?

कमरेतल्या गादीचा त्रास बहुतेक वेळा शेवटच्या दोन जागीच होतो. एक, चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये, म्हणजे रिपोर्टमधला एल ४-५. दुसरी, पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांच्यामध्ये, म्हणजे एल ५-एस १. एल ५ ची नस दुखावली तर कळ मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाने उतरून पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याकडे जाते आणि अंगठा वर उचलायचा जोर कमी होतो. एस १ ची नस असेल तर मांडीच्या मागून पोटरी, टाच आणि करंगळीची कड धरते आणि चवड्यावर उभं राहणं जड जातं. कळ मांडीच्या पुढून गुडघ्याकडे आणि नडगीच्या आतल्या बाजूला गेली तर बहुधा एल ४. कागदावर पायाचं चित्र काढून कळ जाते तिथे पेनाने रेघ ओढा आणि तोच कागद डॉक्टरांसमोर ठेवा. ‘सगळा पाय दुखतो’ या वाक्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

फसवणारी दुखणी पुष्कळ आहेत. दोन्ही तळव्यांना सारख्याच मुंग्या येत असतील तर साखर आणि बी-१२ तपासा. मधुमेहात हे होतं, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत व शुद्ध शाकाहारी मंडळींत बी-१२ कमी सापडतं. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि पुढे वाकलं किंवा ओट्यावर टेकलं की मोकळं वाटतं, हे साठीनंतर मणक्यांची नळी अरुंद झाल्याचं लक्षण असू शकतं. त्याचे व्यायाम वेगळे आहेत, तेव्हा पुढचा व्यायामाचा भाग असा त्रास असणाऱ्यांनी स्वतःला लावू नये. पायाच्या एकाच पट्ट्यात आग होऊन दोन-तीन दिवसांनी पुरळ आलं तर ती नागीण.

आत काय झालंय, आणि ते आपोआप कसं जातं

दोन मणक्यांमधली गादी जागची हलत नाही. तिला बाहेरून चिवट तंतूंचं कडं असतं आणि आत मऊ गर. उकडीच्या मोदकाची पारी एका कडेला चिरावी आणि सारण बाहेर डोकवावं, तसं होतं. बाहेर आलेला गर नसेवर दाबतो, शिवाय त्यातल्या रसायनांनी नसेला सूज येते. पहिल्या आठवड्यांतली आग बरीचशी या सुजेची असते. म्हणूनच तुकडा जागेवर असतानाही दुखणं उतरू शकतं.

शिवाय तुकडाही जागेवर राहतोच असं नाही. बाहेर पडलेला गर शरीराला परका वाटतो. तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या येतात आणि पेशी तो हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा गादीपासून पूर्ण तुटून पडलेले तुकडे सुमारे ९६ टक्के रुग्णांत आक्रसले होते. बाहेर आलेले, पण गादीला चिकटून असलेले सुमारे ७० टक्के रुग्णांत आक्रसले आणि नुसता फुगवटा फक्त १३ टक्के रुग्णांत. म्हणजे रिपोर्टमध्ये ज्या शब्दांनी सर्वात धडकी भरते, ते तुकडे विरघळण्याची शक्यता सर्वात जास्त. पायाची ताकद शाबूत असेल तर ‘मोठा तुकडा आहे’ एवढ्यावरून ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

बहुतेकांचं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं. पण ते रोज थोडं थोडं उतरत नाही. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी परत पहिल्यासारखं वाटतं. म्हणून कालच्याशी तुलना न करता मागच्या आठवड्याशी करा.

तिसरी पायरी: पहिला आठवडा निभावणं

‘तीन आठवडे अंथरुणातून उठायचं नाही’ हा सल्ला जुना झाला. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत ८७ टक्के लोक सुधारले होते. म्हणजे पडून राहण्यातून पदरात काहीच जादा पडलं नाही, स्नायू मात्र अशक्त होतात. दुखणं अगदी शिगेला असेल तेव्हा एक-दोन दिवस जास्त आडवं व्हा, पण जाग्या वेळात तासा-दीड तासाने उठून घरातल्या घरात चक्कर मारा.

आडवं होण्याच्या दोन जागा बहुतेकांना मानवतात. जमिनीवर सतरंजी टाकून उताणं झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, म्हणजे कंबर आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतील. किंवा न दुखणाऱ्या कुशीवर वळून गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्या. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा. फळीवर झोपायची सक्ती मात्र करू नका. २००३ मध्ये स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर झोपायच्या गाद्यांची तुलना झाली, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी चांगली ठरली. मधोमध खड्डा पडलेली कापसाची गादी तेवढी बदला.

खरी अडचण आपल्या घरांत येते ती वाकण्याची आणि खाली बसण्याची. मांडी घालून जेवण, खाली बसून भाजी निवडणं, आखूड केरसुणीने झाडणं, भारतीय पद्धतीचा संडास, या सगळ्यांत कंबर गोल होते आणि गादीच्या मागच्या बाजूवर ताण येतो. जिथे गर बाहेर आलाय ती बहुधा हीच बाजू. काही आठवडे टेबलावर जेवा, लांब दांड्याचा झाडू आणि मॉप घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी कमोड खुर्ची संडासावर ठेवा. ती म्हाताऱ्यांची वस्तू म्हणून लोक टाळतात आणि तिथेच रोज दुखणं वाढवून घेतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. कुंथल्याने कळ थेट पायात जाते, त्यात ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या पोट बांधून ठेवतात. पाणी, पेरू, पालेभाजी, गरज पडली तर रात्री इसबगोल.

ओट्याशी उभं राहताना एक पाय पाटावर ठेवा, थोड्या वेळाने पाय बदला. भरलेला कुकर आणि पाण्याची कळशी दुसऱ्याने उचलावी. शिंक आली तर गुडघे थोडे वाकवून हात भिंतीला टेकवा आणि पुढे वाकू नका. रात्रभर मणक्यांमधली गादी पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून सकाळी उठल्यावर पहिला तासभर वाकायचं काम अजिबात नको, बेसिनवर तोंड धुतानाही.

दुचाकी बंद. यावर घासाघीस नको. आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक कमरेला लागतो. एसटीने जावंच लागलं तर दोन्ही चाकांच्या मधली सीट धरा, मागची नाही. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी चढायला लागू नये म्हणून कामाची वेळ दोन तास मागेपुढे मिळते का, विचारून पाहा.

चौथी पायरी: गोळ्या

गोळीचं काम एवढंच, की तुम्हाला चालता आणि झोपता यावं. गादी गोळीने आत जात नाही.

सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा, म्हणजे नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक यांचा थोडाफार उपयोग होतो. त्या जेवणानंतर, कमीत कमी दिवस आणि एका वेळी एकच घ्या. मेडिकलवाला जी ‘कॉम्बिनेशन’ देतो तिच्यात काय आहे ते पाकिटावर वाचा, कारण दोन वेगळ्या नावांत तेच औषध दोनदा पोटात जातं. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी किंवा चढता बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नको. पावसाळ्यात ताप आला तर या गोळ्या लगेच थांबवा. तो डेंगी असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल त्यामानाने सौम्य आहे, नसेच्या दुखण्यात तिचा फारसा प्रभाव दिसत नाही. दिवसभरात एकूण ४ ग्रॅमच्या वर जाऊ नका, आणि यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर त्याहून बरंच कमी.

आपल्या चिठ्ठ्यांवर हटकून दिसणारी गोळी म्हणजे प्रीगॅबॅलिन आणि मेथिलकोबालामिन एकत्र. ‘नसेची गोळी’ म्हणून ती महिनोन्‌महिने चालू राहते. ऑस्ट्रेलियात २०९ सायटिकाच्या रुग्णांवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रीगॅबॅलिनने औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा पायाचं दुखणं जास्त कमी केलं नाही, चक्कर मात्र जास्त आणली. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२० मध्ये सायटिकासाठी ही गोळी, डायझेपामच्या जातीची औषधं आणि तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड देऊ नये असं स्पष्ट म्हटलं. काही जणांना प्रीगॅबॅलिनने रात्रीची झोप लागते, हेही खरं. तुम्हाला दोन-तीन आठवड्यांत फरक वाटला नाही तर डॉक्टरांना ती थांबवण्याबद्दल विचारा. बराच काळ घेतली असेल तर एकदम तोडू नका, मात्रा हळूहळू उतरवावी लागते. बी-१२ ची गोळी ज्याच्यात त्याची कमतरता आहे त्यालाच लागू पडते.

स्नायू सैल करणाऱ्या थायोकोल्चिकोसाइडबद्दल युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये सूचना दिली, की तोंडाने ती ७ दिवसांहून जास्त घेऊ नये आणि गरोदरपणात मुळीच नको. आपल्याकडे ती पंधरा-पंधरा दिवस लिहिलेली दिसते. आणि गावात कागदाच्या पुडीत मिळणारी, एका रात्रीत पळायला लावणारी बिननावाची पावडर: त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता दाट. साखर आणि बीपी चढवून, हाडं ठिसूळ करून ती महिन्यांनी हिशेब वसूल करते.

पाचवी पायरी: एमआरआयची घाई

एक्स-रेमध्ये गादी आणि नस दिसतच नाहीत. ‘मणक्यात गॅप आलाय’ हे वाक्य बहुधा त्यावरूनच येतं. दोन मणक्यांतलं अंतर कमी झालेलं असतं, आणि वयापरत्वे ते केस पिकण्याइतकंच स्वाभाविक आहे. एमआरआयमध्ये गादी दिसते, पण फार जास्त दिसतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांचे अहवाल २०१५ मध्ये एकत्र पाहिले, तेव्हा विशीत ३० टक्क्यांत, पन्नाशीत ६० टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत गादीचा फुगवटा निघाला. त्यामुळे ‘एल ३-४, एल ४-५, एल ५-एस १ तिन्ही ठिकाणी बल्ज’, म्हणजे फुगवटा, असं वाचून हातपाय गाळू नका. रेघ ओढलेल्या पायाच्या चित्राशी रिपोर्टमधली नस आणि बाजू जुळते का, एवढंच पाहायचं.

पहिल्या पायरीतलं एकही चिन्ह नसेल आणि दुखणं उतरणीला असेल तर साधारण सहा आठवडे एमआरआयवाचून चालतं. इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार सुरू झाला की मात्र तो लागतोच.

सहावी पायरी: व्यायाम, आणि दुखणं कुठे सरकतंय ते पाहणं

१९५६ मध्ये न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पायात कळ उतरलेला एक रुग्ण आला. डोक्याकडची बाजू वर उचललेल्या पलंगावर तो चुकून पालथा पडून राहिला, कंबर मागे वाकलेली. मॅकेन्झी परत येऊन पाहतात तर पायाचं दुखणं गेलेलं. त्यावरून त्यांनी जी पद्धत बसवली तिचा गाभा एवढाच: हालचाल करताना दुखणं पायातून वर कमरेकडे सरकलं तर ती हालचाल तुमची, आणि आणखी खाली पावलाकडे गेलं तर ती तुमची नाही. कंबर त्या वेळी थोडी जास्त दुखली तरी चालेल. पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं नितंबात आलं, की बाजी तुमच्या बाजूने वळतेय.

सुरुवात नुसतं पालथं पडण्यापासून. पोटाखाली पातळ उशी, मान एका बाजूला, दोन-तीन मिनिटं. पायातली कळ वाढली नाही तर उशी काढा. तेही मानवलं तर कोपरांवर छाती उचला आणि दोन मिनिटं थांबा, पोट सैल सोडून. एक-दोन दिवसांनी हातांवर जोर देत छाती वर उचला, कंबर जमिनीकडे ढिली सोडा, एक श्वास थांबून खाली या. असं दहा वेळा, जाग्या वेळात दर दोन-तीन तासांनी. भुजंगासन येणाऱ्याला वाटेल हे तेच आहे, पण इथे पाठीच्या स्नायूंनी उचलायचं नाही, हातांनी उचलायचं. प्रत्येक खेपेनंतर उभं राहून मिनिटभर चाला आणि कळ आता कुठे आहे ते पाहा. खाली सरकून तिथेच टिकली तर त्या दिवशी बंद, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. काहींना आधी कंबर एका बाजूला सरकवावी लागते, तर काहींना पुढे वाकणंच मानवतं. आरशात कंबर एका कुशीकडे कललेली दिसत असेल तर हे एकट्याने करत बसू नका.

चालणं हा दुसरा व्यायाम. पाच मिनिटांनी कळ येत असेल तर चार मिनिटं चाला, पण दिवसातून सहा वेळा. दर दोन-तीन दिवसांनी मिनिटभर वाढवा. सपाट रस्ता, पायात घट्ट बसणारे बूट. टेकडी नंतर.

तिसरा नसेला सरकवण्याचा, दुखण्याचा जोर ओसरल्यावर करायचा. खुर्चीवर ताठ बसा. दुखणारा गुडघा हळूहळू सरळ करताना नजर छताकडे न्या, गुडघा खाली आणताना हनुवटी छातीकडे. नस एका टोकाने सैल होते तेव्हा दुसऱ्या टोकाने ओढली जाते, त्यामुळे ती ताणली न जाता नुसती मागेपुढे सरकते. आठ-दहा वेळा, झटका न देता. पायात मुंग्या वाढून राहिल्या तर कमी करा. पाय टेबलावर ठेवून पुढे झुकत मांडीची मागची शीर ताणणं हा याच्या नेमका उलटा प्रकार आहे. दुखावलेल्या नसेला तो चिडवतो.

योग करणाऱ्यांसाठी: पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन आणि म्हणून सूर्यनमस्कारही, काही आठवडे बाजूला. मकरासन आणि गुडघ्याखाली लोड घेऊन शवासन चालेल. सूर्यनमस्कारांचा रोजचा नेम मोडतो म्हणून वाईट वाटणारे पुष्कळ भेटतात. नेम दोन महिन्यांनी परत सुरू होतो, तुटत नाही.

पट्टा, वजन, मशीन आणि पायाळू

कमरेचा पट्टा प्रवासापुरता किंवा उभं राहून करायच्या कामापुरता बांधला तर हरकत नाही. दिवसभर बांधून झोपेतही ठेवणं निरुपयोगी. रुग्णालयात दहा दिवस पडून पायाला वजन लावण्याचा प्रकार अजून चालतो. चाचण्यांत त्याचा उपयोग जवळजवळ दिसत नाही, आणि ते दहा दिवस तुम्ही चालत नसता हा तोटा वेगळाच. शेकल्याने आखडलेले स्नायू सुटतात, म्हणून खुशाल शेका, पण बधिर भागावर गरम पिशवी नको. भाजलेलं कळत नाही.

‘बिनऑपरेशन गादी जागेवर’ अशा पाट्या लावून संगणकावर चालणारं ओढण्याचं यंत्र, लेझर, ओझोन यांचं वीस बैठकांचं पॅकेज आगाऊ पैसे घेऊन विकलं जातं. बारा आठवड्यांत बहुतेक जण तसेही सुधारतात, त्यामुळे पॅकेज ‘लागू पडलं’ असं सांगणारे भरपूर भेटतील. माझं म्हणणं साफ आहे: आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. त्याऐवजी चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे मोजक्या बैठका घ्या. यंत्र लावून निघून जाणारा नको. तुम्हाला हालचाल करायला लावून ‘आता कळ कुठे आहे?’ असं दर वेळी विचारणारा शोधा.

पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, ही समजूत घराघरात आहे. नुसता पाय टेकवला तर काही बिघडत नाही, आजीचंही समाधान होतं. पण पाठीवर उभं राहणं, लाथ मारणं, हाडवैद्याने झटका देऊन मणका ‘बसवणं’, हे नस दबलेली असताना करून घेऊ नका. तेल लावून हलक्या हाताने केलेलं मालिश वेगळं, त्याने बरं वाटतं.

सातवी पायरी: सहा आठवडे झाले, अजून पाय दुखतोय

इथे दोन दारं असतात. पहिलं, नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन. ते सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्रावर सुईचं टोक पाहत देतात, बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. सरासरीने पाहिलं तर फायदा लहान आणि काही आठवड्यांपुरता. पण कळीमुळे झोप आणि व्यायाम दोन्ही बंद पडलेल्या माणसाला तेवढी उसंत पुरते, मधल्या काळात शरीर आपलं काम करत राहतं. जायच्या आधी विचारा: सी-आर्मवर देणार ना? रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी आणि कुणाच्या सल्ल्याने थांबवायची? मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढेल, तेव्हा औषधाचं काय? एका इंजेक्शनने काहीच फरक पडला नाही तर तसंच दुसरं घेण्यात अर्थ नसतो.

दुसरं दार ऑपरेशनचं, आणि ऑपरेशनविना उपचारांच्या लेखातही त्याच्याबद्दल सरळ बोललं पाहिजे. नेदरलँड्समधल्या २००७ च्या अभ्यासात सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना थांबवलं. वर्षअखेरीस दोन्हीकडे ९५ टक्के लोक स्वतःला बरे समजत होते. ऑपरेशनवाले लवकर मोकळे झाले, साधारण चार आठवड्यांत, तर थांबलेल्यांना साधारण बारा लागले. मात्र थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षभरात शेवटी ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ताकद शाबूत असताना प्रश्न उरतो तो एवढाच, की आणखी किती आठवडे हे सहन करणं तुम्हाला परवडतं. हातावर पोट असलेल्या रिक्षावाल्याचं उत्तर आणि घरून काम करता येणाऱ्या हिंजवडीतल्या इंजिनिअरचं उत्तर वेगळं असू शकतं, आणि दोन्ही बरोबर. ताकद घटत चालली असेल तर मात्र हा प्रश्न तुमच्याकडे राहत नाही, सर्जनचं ऐका.

परत कामाला लागताना

कळ आधी पावलातून जाते, मग पोटरीतून, शेवटी नितंबातून. अंगठ्याचा किंवा करंगळीचा बधिरपणा दुखणं गेल्यावरही काही महिने रेंगाळतो. तो वाढत नसेल आणि ताकद ठीक असेल तर त्याच्यामागे लागू नका.

बसून काम असेल तर अर्ध्या दिवसापासून सुरू करा आणि दर अर्ध्या तासाला उठा. फोनवर बोलताना उभे राहा. दुचाकी सगळ्यात शेवटी: आधी वीस-तीस मिनिटं चालणं, मग तासभर बसणं, मग चारचाकी, मग सपाट रस्त्यावर दुचाकी. शेतात गेलात तर गोणी, खताचं पोतं आणि गवताचा भारा दोघांनी उचला, अंगाजवळ धरून, आणि वजन हातात असताना कमरेतून वळू नका, पाय टाकून सगळं अंग वळवा. ऊसतोडीला जाणाऱ्याला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं टाळा असं सांगणं सोपं आहे आणि मुकादमासमोर ते चालत नाही. निदान त्या हंगामात तोडण्याचं काम मागून घ्यावं, मोळी वाहण्याचं जोडीदाराकडे द्यावं.

महिना-दोन महिन्यांनी पाठीला आधार देणारे व्यायाम जोडा: उताणं झोपून नितंब उचलणं, हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं, कुशीवर कोपराच्या आधाराने अंग उचलून धरणं. बिडी-सिगारेट सोडा. धूम्रपान करणाऱ्यांच्या गाद्या लवकर झिजतात.

आणि काहींना हे परत होतं. दुसऱ्या खेपेला घाबरून थेट एमआरआयकडे धावू नका. आधी पहिल्या पायरीतली तपासणी: लघवी, बसायच्या जागेची संवेदना, टाचांवर चाल, चवड्यावर उचल, अंगठा. सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी दुचाकीची किल्ली घरच्यांकडे द्या, सतरंजी पसरा, पालथे पडा आणि कळ वर सरकते का ते पाहा.